आरव्हीच्या दोन प्रोपेन टाक्या: ऑटोमॅटिक चेंजओव्हर की मॅन्युअल?

रानवाट
वापरलेली आरव्ही, म्हणजे आत राहता येणारा २६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर घेतला आहे, अमेरिकेतल्या ओहायोत. पुढे ३०-३० पौंडांचे दोन सिलिंडर आहेत. चेंजओव्हर, म्हणजे एका टाकीवरून दुसरीवर जायची सोय, मॅन्युअल आहे: मधे पितळी नॉब, डावीकडे फिरवला की डावी टाकी, उजवीकडे फिरवला की उजवी. रेग्युलेटरवर २०१०ची तारीख दिसते. फर्नेस (आतली हवा तापवणारी भट्टी) तासाला ३०,००० बीटीयू (उष्णतेचं माप), पाण्याचा हीटर ६ गॅलनचा, तीन बर्नरचा स्टोव्ह, फ्रिज वीज आणि गॅस दोन्हींवर चालणारा. नोव्हेंबरात मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलात जायचा बेत आहे.

ऑटोमॅटिक बसवावा का? तो आत नेमकं काय करतो? घरी बसवता येतो का? आणि सगळ्यात गोंधळ ज्याचा आहे तो प्रश्न: ऑटोमॅटिक असेल तर दोन्ही टाक्यांचे व्हॉल्व उघडे ठेवायचे की एकाच? जालावर दोन्ही बाजूंनी तितक्याच ठामपणे लिहिलेलं सापडतं.

नटबोल्ट
२०१०चा रेग्युलेटर असेल तर पहिला निर्णय आपोआप झाला. मॅन्युअल ठेवा नाहीतर ऑटोमॅटिक घ्या, हा काढाच. आतला रबरी पडदा आणि सीट (जिच्यावर टेकून व्हॉल्व बंद होतो ती) वयानुसार कडक होतात, आणि दहा-पंधरा वर्षांपलीकडे कुठलाच उत्पादक त्याची हमी घेत नाही. दोन्ही पिगटेल, म्हणजे टाकीपासून रेग्युलेटरपर्यंतच्या लवचिक नळ्या, त्याही सोबत बदला. जुन्या रबरातून निघालेला तेलकट चिकटा नव्या रेग्युलेटरच्या सीटवर जाऊन बसतो.

आत काय होतं ते सांगतो, कारण पुढचे सगळे वाद तिथूनच सुटतात. टाकीतला दाब हवामानाप्रमाणे बदलतो. ७० फॅरनहाइटला तो ११० ते १२५ पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) दरम्यान असतो. उपकरणांना लागतो पाण्याच्या ११ इंच स्तंभाइतका दाब, म्हणजे जेमतेम ०.४ पीएसआय. एवढी मोठी उडी एका पायरीत नीट होत नाही, म्हणून दोन टप्पे. पहिला टप्पा दाब साधारण १० ते १३ पीएसआयवर आणतो, दुसरा तिथून ११ इंचांवर.

ऑटोमॅटिकमध्ये पहिले टप्पे दोन असतात, प्रत्येक टाकीसाठी एक, आणि दुसरा टप्पा सामाईक. लिव्हर ज्या टाकीकडे वळवाल त्या बाजूची स्प्रिंग जास्त दाबली जाते. म्हणून ती बाजू मधल्या कप्प्यात थोडा जास्त दाब राखते. दुसरी बाजू त्याहून कमी दाबावर लावलेली असते. मधल्या कप्प्यात पहिलीचा दाब आहे तोवर दुसरीचा व्हॉल्व उघडतच नाही. पहिली टाकी संपत आली की कप्प्यातला दाब उतरतो आणि दुसरी बाजू उघडते. वीज नाही, बॅटरी नाही, सेन्सर नाही. वरच्या खिडकीतली हिरवी-लाल खूणही याच मधल्या दाबावर हलते.

म्हणजे लाल खूण एवढंच सांगते, की लिव्हरच्या बाजूकडून पुरेसा दाब येत नाही. टाकी रिकामी असणं हे त्याचं एक कारण. व्हॉल्व बंद असणं, टाकीचा फ्लो अडणं, कडाक्याची थंडी, ही बाकीची कारणं.

मॅन्युअलमध्ये यातलं काही नाही. एकच रेग्युलेटर, आधी तीन तोंडांचा व्हॉल्व. भाग कमी, बिघडायला जागा कमी, किंमतही कमी. तोटा एकच: टाकी संपते ती बहुधा पहाटे तीनला, कारण फर्नेस सगळ्यात जास्त तेव्हाच चालतो.

ग्रेटलेक्सकर
अप्पर पेनिन्सुला आणि नोव्हेंबर म्हटलंत, तर आकडे मांडू.

एका पौंड प्रोपेनमध्ये सुमारे २१,५०० बीटीयू. ३० पौंडांची टाकी म्हणजे साधारण ६,४५,००० बीटीयू. ३०,०००चा फर्नेस सलग पेटला तर साडेएकवीस तास. पण तो सलग पेटत नाही. रात्री २० फॅरनहाइटच्या आसपास असेल आणि आत ६५ ठेवत असाल, तर निम्मा वेळ बर्नर चालू धरा. मग टाकी ४० तासांच्या पुढे जाते. दिवसा बाहेर असताना थर्मोस्टॅट उतरवला तर साधारण तीन रात्री. पाण्याचा हीटर १२,०००च्या आसपास, स्टोव्हचा एकेक बर्नर साडेसहा ते नऊ हजार, गॅसवरचा फ्रिज दीड हजारच्या घरात. थंडीत हिशोब फर्नेसचाच करायचा, बाकीचं किरकोळ.

तीन रात्रींत एक टाकी संपत असेल तर ती झोपेत संपण्याची शक्यता मोठी. बाहेर १५ फॅरनहाइट असेल तर पातळ भिंतींचा ट्रेलर दोन-तीन तासांत आतून गोठणबिंदूकडे जातो आणि फरशीखालच्या पाण्याच्या नळ्या आधी जातात. म्हणून थंडीत ऑटोमॅटिकच हवा, आणि दोन्ही व्हॉल्व उघडेच हवेत. एक बंद ठेवायचा असेल तर ऑटोमॅटिकवर खर्च करण्यात अर्थ नाही.

पिवळा_कंदील
ग्रेटलेक्सकर, थंडीपुरतं मान्य. पण दोन्ही उघडे ठेवायची सवय बारा महिने लागते, आणि तिथेच माझा आक्षेप आहे.

दोन्ही उघडे असताना पहिली टाकी संपते तेव्हा आत काहीच कळत नाही. स्टोव्ह चालू, फर्नेस चालू, पाणी गरम. लाल खूण बाहेर, हिचजवळ (ट्रेलर गाडीला जोडतात तिथे), प्लॅस्टिकच्या कव्हराखाली. तिकडे कोण रोज बघतं? मग दुसरीही संपते, आणि तुमच्याकडे दोन रिकाम्या टाक्या असतात. मॅन्युअलवाल्याला निदान अर्धा साठा उरला असताना कळतं.

दुसरं, गळती. कुठे एखाद्या फ्लेअर (पसरट तोंडाच्या) जोडातून बारीक गळत असेल आणि दोन्ही उघडे असतील, तर दोन्ही टाक्या जातात. एक बंद असेल तर एकच जाते, आणि ती वेळेआधी संपली यावरूनच गळतीचा संशय येतो.

माझं मत: रेग्युलेटर ऑटोमॅटिक घ्या, पण फर्नेस लागत नसेल त्या दिवसांत तो मॅन्युअलसारखा वापरा. दोन्ही पिगटेल जोडलेल्या, एकच व्हॉल्व उघडा. संपली की बाहेर जा, दुसरा उघडा, लिव्हर फिरवा, पहिला बंद करा. एका मिनिटाचं काम. थंडीत झोपण्याआधी दोन्ही उघडा आणि सकाळी खिडकीत डोकावायचा नेम ठेवा.

ग्रेटलेक्सकर
हे पटलं. खिडकीत न बघणाऱ्यासाठी दुसराही उपाय आहे. टाकीच्या तळाला चिकटणारे अल्ट्रासोनिक सेन्सर मिळतात, मोपेकाचे बरेच जण वापरतात. ते द्रवाची उंची मोजतात आणि फोनवर दाखवतात. थंडीत त्यांची बॅटरी लवकर उतरते, तेवढं सांभाळा.

पिगटेलवर लावायचे डायलवाले दाबमापक मात्र साठा मोजायला घेऊ नका. टाकीत द्रव आहे तोवर दाब फक्त तापमानावर ठरतो, मग टाकी काठोकाठ असो की तळाशी दोन इंच उरलेले असोत. काटा पडतो तेव्हा टाकी संपलेलीच असते.

सगळ्यात भरवशाचा मार्ग वजनाचा. टाकीच्या कॉलरवर टीडब्ल्यू या अक्षरांपुढे रिकाम्या टाकीचं वजन ठोकलेलं असतं. २० पौंडांच्या टाकीला साधारण १७, ३०च्या टाकीला २४-२५. सामान तोलायच्या हुकवाल्या काट्यावर टाकी टांगा, टीडब्ल्यू वजा करा, उरले ते पौंड गॅसचे.

रानवाट
फार छान चाललंय. शंका: लाल खूण दिसल्यावर क्रम काय? आधी टाकी काढायची की आधी लिव्हर फिरवायचा?

नटबोल्ट
आधी लिव्हर. तो भरलेल्या टाकीकडे पूर्ण वळवा, खूण हिरवी झाली का बघा. झाली, म्हणजे राखीव टाकी आता मुख्य झाली. मग रिकाम्या टाकीचा व्हॉल्व बंद करा, नट हाताने सोडवा, टाकी भरायला न्या. आत गॅस चालूच राहतो. रिकाम्या बाजूच्या इनलेटला चेक व्हॉल्व असतो, तो उलटा येणारा गॅस अडवतो.

लिव्हर न फिरवता नुसती टाकी भरून आणून लावलीत, तर रेग्युलेटर पुन्हा तिच्याकडेच जातो आणि दुसरी अर्धवट वापरलेली तशीच राहते. पुढच्या वेळी राखीव म्हणून ज्या टाकीवर विसंबाल ती अर्धी असेल, आणि सांगणारं कोणी नसेल. दोन्ही संपून अडकलेल्या लोकांच्या तक्रारी वाचल्यात तर पुष्कळांच्या मुळाशी हेच सापडेल.

लिव्हर मधे अडकवून ठेवू नका. कुठल्याच बाजूची स्प्रिंग पूर्ण दाबलेली नसते, मग दोन्हीकडून ओढलं जातं.

नवी टाकी उघडताना आत सगळं बंद हवं आणि व्हॉल्व अगदी हळू फिरवायला हवा. पिगटेलच्या टोकाला जो हिरवा प्लॅस्टिकचा नट असतो त्याच्या आत जादा प्रवाह रोखणारी गोळी असते. झटकन उघडलंत की तिला वाटतं नळी तुटली, आणि ती बसते. मग गॅस नुसता झिरपतो. स्टोव्हची ज्योत लहान, फर्नेस एकदा पेटून विझतो, खूण लालच. त्यावर उपाय: व्हॉल्व बंद, आतली सगळी उपकरणं बंद, एक-दोन मिनिटं थांबा, मग पाव फेरा, दहा-पंधरा सेकंद, मग पूर्ण. "नवा रेग्युलेटर खराब निघाला" म्हणून परत केले जाणारे बरेच नग याच कारणाने परत जातात.

नटांचे रंग शोभेचे नाहीत. काळा नट १,००,००० बीटीयूपर्यंत, हिरवा २,००,०००पर्यंत. फर्नेस आणि टँकलेस (पाणी साठवून न ठेवणारा) हीटर एकदम चालत असतील तर काळा कमी पडतो. दोन्ही रंगांचे नट आगीच्या उष्णतेने मऊ होऊन टाकीतला व्हॉल्व बंद पडेल अशी रचना असते, म्हणून त्यांच्या जागी धातूचं काही बसवायच्या भानगडीत पडू नये.

मिसिसॉगाची_अनू
चेक व्हॉल्वबद्दल एक भर. ऑटोमॅटिकमध्ये सगळ्यात आधी कंटाळतो तो हाच. मग भरलेल्या टाकीतला गॅस दुसऱ्या पिगटेलमधून उलटा जातो. तिथे टाकी जोडलेली आणि उघडी असेल तर तिच्यात शिरतो, आणि एक उन्हात, एक सावलीत असेल तर जास्तच. लक्षण असं की लिव्हर एका बाजूला असूनही दोन्ही टाक्या सारख्याच हलक्या होत जातात. दोन्हींचं वजन केल्याशिवाय हे उमगत नाही.

तपासायची रीत: बाहेर उघड्यावर, जवळपास ज्योत किंवा चालू जनरेटर नको. दोन्ही व्हॉल्व बंद. एक पिगटेल टाकीपासून सोडवा. लिव्हर दुसऱ्या टाकीकडे करून तिचा व्हॉल्व हळू उघडा. सुट्या टोकावर साबणाचं पाणी लावा. सतत फुगे येत राहिले तर चेक व्हॉल्व गेला, आणि तो दुरुस्त होत नाही, अख्खा रेग्युलेटर बदलायचा. मग बाजू बदलून दुसरं टोकही बघा. वर्षातून एकदा, सीझनच्या सुरुवातीला.

साबण साधा भांड्यांचा, पण अमोनिया किंवा क्लोरिन नसलेला. अमोनियाने पितळेला बारीक चिरा पडतात, आणि त्या लगेच दिसत नाहीत.

आणखी एक. एक टाकी काढून तशीच गाडी चालवायची असेल तर पिगटेल लोंबकळत सोडू नका. आत धूळ, किडे आणि कोळी जातात. रिकामी का असेना, टाकी जागेवर बसवून, नट लावून, व्हॉल्व बंद ठेवून निघा.

रानवाट
आता बसवण्याबद्दल. डीलर दीड तासाची मजुरी सांगतो.

तांबट
हातात दोन पाने नीट धरता येत असतील आणि गळती तपासायचा कंटाळा नसेल तर घरी होतं. नुसता ऑटोमॅटिक रेग्युलेटर साधारण ४० ते ८० डॉलरांत येतो, पिगटेल वेगळ्या.

विकत घेताना तीन गोष्टी बघा. तो दोन टप्प्यांचा आणि आरव्हीसाठीचा हवा. बार्बेक्यूसाठी येणारा एक टप्प्याचा नको. त्याची क्षमता तुमच्या सगळ्या उपकरणांच्या बेरजेपेक्षा जास्त हवी. तुमची बेरीज ७०,०००च्या आतबाहेर येईल, तेव्हा बाजारातला कुठलाही पुरे. तिसरं, पिगटेलची लांबी. १२ ते २४ इंचांपर्यंत मिळतात. टाकीच्या तोंडापासून इनलेटपर्यंत मापा आणि टाकी न हलवता नट निघेल एवढी ढील धरा. ३०च्या टाक्यांना १५ इंच कधी पुरते, कधी ताणली जाते. ताणलेली पिगटेल वळणाजवळ चिरते.

काम असं. दोन्ही व्हॉल्व बंद, मग स्टोव्हचा एक बर्नर पेटवून नळीतला गॅस जाळून टाका. तो आपोआप विझला की नॉब बंद करा. पिगटेलचे नट टाकीकडून हाताने सोडवा. रेग्युलेटरमधून ट्रेलरकडे जाणारी जाड नळी सोडवताना एक पाना नळीच्या नटावर, दुसरा रेग्युलेटरच्या षटकोनावर. एकाच पान्याने जोर लावलात तर आतला ॲडॉप्टर फिरतो किंवा ब्रॅकेट वाकतो. मग ब्रॅकेटचे स्क्रू.

नव्यावर दोन तऱ्हेचे जोड आहेत, आणि इथेच गफलत होते. पिगटेल जिथे शिरते ते पाव इंची इन्व्हर्टेड फ्लेअर. तिथे टेप नाही, पेस्ट नाही, काही नाही. धातूवर धातू बसूनच ते सील होतं. टेप लावली तर गळतं आणि तिचा तुकडा सुटून सीटवर अडकतो. बाहेर जाणाऱ्या बाजूला ३/८ इंची पाइपचे आटे असतात, ते निमुळते. तिथे गॅसची पिवळी टेप किंवा गॅसला चालणारी पेस्ट लागतेच. पहिले एक-दोन आटे कोरे ठेवा. त्या ॲडॉप्टरच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा फ्लेअर असेल तर तिथे परत काही नाही.

रेग्युलेटर असा बसवा की त्याचं श्वासाचं छिद्र खाली तोंड करून राहील. ते वर किंवा पुढे असेल तर रस्त्यावरचं पाणी आत जातं, थंडीत गोठतं आणि पडदा अडकतो. पडदा अडकला की दाब एकतर वाढतो किंवा पडतो, आणि वाढणं जास्त वाईट. सोबत प्लॅस्टिकचं झाकण येतं ते लावाच, टाक्यांवर मोठं कव्हर असलं तरी.

मग एकेक जोड साबणाच्या पाण्याने. पिगटेलची दोन्ही टोकं, बाहेरचा जोड, टाकीच्या व्हॉल्वची दांडी. दांडी लोक विसरतात.

नटबोल्ट
तांबट यांच्या साबणानंतर एक पायरी मी सोडणार नाही: मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायचं साधन. यू आकाराच्या नळीचा साधा चालतो. स्टोव्हच्या एका बर्नरच्या ओरिफिसला, म्हणजे गॅस बाहेर पडतो त्या छिद्राला जोडा. साधारण निम्मा भार चालू असताना ११ इंच दाखवायला हवा. सगळं बंद केल्यावर थोडा वर जाऊन थांबतो, तो १४च्या आत हवा. १४च्या वर चढत राहिला तर सीट गळते, रेग्युलेटर परत करा.

गळतीसाठी: टाक्या बंद करा, बर्नर किंचित उघडून दाब ९ इंचांपर्यंत उतरवा, आणि ३ मिनिटं बघा. पडला तर आत कुठेतरी गळती आहे. चढला तर टाकीचा व्हॉल्व पूर्ण बंद होत नाही. ९वर आणायचं कारण हेच: रेग्युलेटर बंद अवस्थेत असेल तर त्यामागचा दाब दिसत नाही.

दाबाचा स्क्रू स्वतः फिरवू नका. ११ येत नसेल तर त्याला कारण असतं, ते शोधा.

सोलापूर_ते_डेन्व्हर
खूण रात्री लाल आणि दुपारी परत हिरवी, असं होतं त्याचं काय? टाकीत वजनाने १० पौंड उरलेले असतात.

ग्रेटलेक्सकर
रेग्युलेटर ठीक आहे, टाकी थंड आहे.

फर्नेसला वाफ लागते, आणि द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते. ती टाकीच्या भिंतीतून येते, आणि जेवढी भिंत द्रवाला लागून आहे तेवढीच उपयोगाची. टाकी एक तृतीयांशवर आली की ओली भिंत कमी, बाहेरची हवा थंड, आणि फर्नेस ओढतोय. द्रव आणखी थंड होतो, दाब पडतो. शून्य फॅरनहाइटला टाकीत २५ पीएसआयच्या आसपास दाब असतो, उणे २०ला ११-१२, आणि उणे ४४ला प्रोपेन उकळायचंच थांबतं. पहिल्या टप्प्याला १० ते १३ लागतात हे वर आलंच आहे. दाब त्याखाली गेला की दुसरी टाकी मदतीला येते. दुपारी ऊन लागलं की पहिलीचा दाब परत चढतो, खूण हिरवी.

कडाक्याच्या थंडीत हाच ऑटोमॅटिकचा सगळ्यात मोठा फायदा. दोन टाक्या मिळून वाफ देतात. मॅन्युअल असता तर १० पौंड शिल्लक असताना फर्नेस बंद पडला असता, आणि टाकी संपली असं समजून तुम्ही ती भरायला नेली असती.

अशा प्रदेशात टाकी अर्ध्याखाली उतरू देऊ नका. टाकीभोवती हीटर, विजेची घोंगडी, उकळतं पाणी यांतलं काही नको. प्रोपेनसाठी बनवलेली ब्लँकेट मिळते, तिला साधारण ९० फॅरनहाइटची मर्यादा असते. बाकी सगळं टाळा.

मिसिसॉगाची_अनू
याच लक्षणाचं दुसरं कारण रेग्युलेटर गोठणं. प्रोपेनमध्ये पाण्याचा अंश असेल तर दाब उतरतो त्या छिद्राशी तो बर्फ होऊन बसतो. दोन टप्प्यांच्या रेग्युलेटरमध्ये हे कमी होतं, कारण घट दोन ठिकाणी वाटली जाते. झालं तर कोमट पाणी ओता, ज्योत कधीही नाही. वारंवार होत असेल तर टाकीतच पाणी आहे. भरणाऱ्याला सांगून मिथेनॉल घालून घ्या, किंवा टाकी पूर्ण रिकामी करून पर्ज करून घ्या (आतली हवा आणि ओल काढून टाकणं). सीझनभर रिकामी आणि व्हॉल्व उघडा ठेवलेल्या टाकीत हमखास पाणी शिरतं. रिकाम्या टाकीचाही व्हॉल्व बंद ठेवायचा तो यासाठी.

केंटकर
यूकेतली तऱ्हा थोडी वेगळी, इकडे असणाऱ्यांसाठी लिहिते. इथे दाब ३० मिलिबार, आणि रेग्युलेटर टाकीवर नसून लॉकरच्या भिंतीवर. ट्रुमाचा ड्युओकंट्रोल सीएस हा ऑटोमॅटिक चेंजओव्हर, त्यात धडक ओळखणारा सेन्सरही असल्यामुळे गाडी चालताना हीटिंग चालू ठेवता येतं. त्याच्या नळ्यांना नळी फुटली तर गॅस आपोआप बंद करणारी सोय असते. टाकी बदलल्यावर त्याचं बटण दाबल्याशिवाय गॅस येत नाही. "नवी टाकी लावली, गॅस नाही" याचं उत्तर बहुतेक वेळा ते बटण.

हिवाळ्यात कॅलर कंपनीची लाल टाकी, म्हणजे प्रोपेनच घ्या. निळ्या टाकीतला ब्युटेन शून्य सेल्सिअसच्या आसपास उकळायचा थांबतो, मग चेंजओव्हर कितीही चांगला असो. भारतातल्या घरगुती सिलिंडरातही ब्युटेन असतो, म्हणून तिकडच्या थंड भागांत हाच त्रास होतो.

रानवाट
तरीही दोन्ही संपल्याच तर परत सुरू करताना काही क्रम?

पिवळा_कंदील
हो. टाकी लावून हळू उघडा, मग आत आधी स्टोव्ह. नळीत हवा भरलेली असते, ती आधी बर्नरमधून बाहेर पडू दे. माचिस धरून उभे राहा; एक मिनिटभर काही नाही, मग फुरफुर, मग स्थिर निळी ज्योत. त्यानंतरच फर्नेस आणि पाण्याचा हीटर. आधी फर्नेस लावलात तर तो हवेवर तीनदा प्रयत्न करून लॉकआउटमध्ये जातो, म्हणजे स्वतःला बंद करून घेतो. थर्मोस्टॅट बंद करून पुन्हा चालू केला की ते सुटतं. फ्रिजवर चेकचा दिवा लागला असेल तर तोही बंद-चालू.

फर्नेस बंद पडला म्हणून लगेच टाकीकडे धावू नका. स्टोव्ह पेटवून बघा. ज्योत नेहमीसारखी असेल तर गॅस आहे, मग बॅटरी तपासा. १२ व्होल्टवर चालणारा पंखा मंदावला की आतला हवेचा स्विच लागत नाही आणि बोर्ड गॅस सोडतच नाही. पंखा फिरतो, ज्योत नाही, हे लक्षण बॅटरीचं असू शकतं.

आणि जमिनीलगतचा प्रोपेन डिटेक्टर. वापरलेला ट्रेलर म्हणजे तो बहुधा मुदत संपलेला. आयुष्य पाच ते सात वर्षं, मागे तारीख असते. आज बघा.

मिसिसॉगाची_अनू
टाक्यांच्या तारखाही बघा. अमेरिकेत बनवल्यापासून १२ वर्षं, मग दृश्य तपासणी करून शिक्का मारला की पुढची ५. त्या शिक्क्यात ई अक्षर असतं. कॅनडात १० वर्षं. तारीख उलटलेली टाकी इमाने भरणारा माणूस भरून देत नाही. व्हॉल्वची मूठ त्रिकोणी आहे ना, तेही बघा. ती जादा भरणं रोखणाऱ्या यंत्रणेची खूण, आणि ४ ते ४० पौंडांच्या टाक्यांना ती २००२पासून सक्तीची आहे.

३०च्या टाक्या दुकानाबाहेरच्या एक्सचेंजच्या (रिकामी देऊन भरलेली घ्यायच्या) पिंजऱ्यात मिळत नाहीत. तिथे २०च्या असतात, आणि त्यात साधारण १५ पौंडच भरलेले असतात. यू-हॉल किंवा ट्रॅक्टर सप्लायसारख्या ठिकाणी मोजून भरून घ्या. ३०च्या टाकीत ७ गॅलनच्या थोडं वर जातं.

रानवाट
तारखा बघितल्या: एका टाकीवर २०१९, दुसरीवर २०११. दुसरी बदलतो. ऑटोमॅटिक आणि १८ इंची दोन पिगटेल मागवतो. शेवटचा प्रश्न: वसंतात मेरीलँडमार्गे व्हर्जिनियाला जायचं आहे, प्रवासात व्हॉल्व बंद ठेवायचे का?

तांबट
चालताना बंद ठेवणं चांगलं. नळी रस्त्यात कशानेही कापली जाऊ शकते. फ्रिज बंद दाराआड चार-पाच तास सहज थंड राहतो. निदान पेट्रोल भरताना तरी सगळ्या ज्योती बंद हव्यात.

मेरीलँडमध्ये मात्र व्हॉल्व बंद करून भागत नाही. बाल्टिमोरचे दोन्ही बोगदे, आय-९५ महामार्गावरचा फोर्ट मॅकहेन्री आणि आय-८९५वरचा हार्बर टनेल, १० पौंडांपेक्षा मोठ्या प्रोपेन टाकीला बंद आहेत. तुमच्या दोन्ही ३०च्या. पूर्वी लोक फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जायचे, तो २६ मार्च २०२४ला जहाज धडकून कोसळला. जुन्या लेखांत अजून तोच रस्ता सुचवलेला सापडतो. आता आय-६९५ पश्चिमेच्या बाजूने धरा, शहराला वळसा घालून. साधं जीपीएस तुम्हाला बोगद्यातच नेतं, म्हणून मार्ग आधीच हाताने आखून ठेवा.